विनामोबदला

ज्या दोन गृहस्थांचा संवाद पुढे दिला आहे ते परस्परांचे व्याही असून, त्यांच्यातला वाद मिळकत कोणाची याविषयी नाही, ती कोणी कोणाला केव्हा द्यावी याविषयी आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण आपल्याकडे दोन व्याही जमिनीच्या गोष्टी चढ्या आवाजात बोलू लागले की ऐकणाऱ्याची कल्पना भलतीकडेच धावते. एक नांदेडचे, नोंदणी खात्यात कारकून म्हणून लागून दुय्यम निबंधकाच्या खुर्चीवरून निवृत्त झालेले. दुसरे लातूरचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आणि उदगीर तालुक्यातील मूळ गावी ज्यांच्या नावावर अकरा एकर रान आहे असे. हे रान एकुलत्या एका मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावे असा लातूरकरांचा मानस आहे. मुलगा नांदेडकरांचा जावई. म्हणजे कागद झाला तर लाभ नांदेडकरांच्या लेकीच्या घरात यायचा. असे असूनही हा कागद करू नका म्हणून हट्ट धरून बसले आहेत ते नांदेडकरच, आणि मला लेखणी हाती घेण्याचा मोह झाला तो या विपरीत गोष्टीमुळे. बोलणे एका बैठकीत झालेले नाही; काही लातुरात, काही नांदेडात, आणि एकदा तर दोन्ही गावांच्या वाटेवर अहमदपूरच्या बसस्थानकात चहा घेताना झाले. मी ते सलग लावून दिले आहे.

लातूरकर : व्याहीबुवा, माझी सत्तरी उलटली. पेरणीपासून राशीपर्यंत शेताचा सगळा कारभार कितीतरी वर्षांपासून मुलगाच पाहतो. सोयाबीन केव्हा काढायचे, तुरीच्या ओळी किती धरायच्या, बोअरची मोटर जळली तर कोणत्या मिस्त्रीकडे न्यायची, यांतले काहीही तो मला विचारीत नाही, आणि न विचारता माझ्यापेक्षा बरे करतो. असे असता सोसायटीच्या पीककर्जाच्या कागदावर सही माझी, ठिबकच्या अनुदानाच्या अर्जावर नाव माझे, विम्याचा हप्ता माझ्या खात्याचा. आणि ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही तो मनुष्य चाळिशीला पोहोचला तरी बँकेत गेला की ‘वडिलांना घेऊन या’ हेच उत्तर ऐकून परत येतो. जो रान कसतो त्याच्या नावावर रान असावे, आणि ते मी गेल्यावर तलाठ्याने वारसाचा फेर ओढून नव्हे, तर मी हयातीत, शुद्धीवर असताना, माझ्या हाताने दिलेले असावे, एवढीच माझी इच्छा आहे.

नांदेडकर : रान देऊ नये असे मी म्हणत नाही, गुरुजी; मी विचारतो ते इतकेच की कागद पुरा झाल्यावर तुमच्यापाशी काय उरते? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आजही चालू आहे, आणि त्यातले बक्षिसाचे प्रकरण जेमतेम आठ कलमांचे असले तरी त्याची पकड फार घट्ट आहे. देणाऱ्याने स्वखुशीने आणि विनामोबदला द्यावे, घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावे, मिळकत स्थावर असेल तर दोन साक्षीदारांनिशी कागद करून तो नोंदवावा. एवढे झाले की मिळकत गेली ती गेली. मृत्युपत्र मनुष्य अखेरपर्यंत वाटेल तितक्या वेळा फिरवू शकतो. बक्षीसपत्राचे तसे नाही. कलम १२६ ने परतीच्या वाटा दोनच ठेवल्या आहेत : एक, देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली अमुक घटना घडली तर बक्षीस रद्द होईल असे उभयतांनी आधीच ठरवलेले असणे, आणि दुसरी, फसवणूक, जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, असे काही सिद्ध करणे. आणि ‘माझी मर्जी फिरेल तेव्हा परत घेईन’ असे कोणी कागदात लिहिलेच, तर तेवढ्यापुरते ते बक्षीसच कायदा निरर्थक ठरवतो. मला पश्चात्ताप झाला, मुलगा बोलत नाही, सून ताट आदळते, ही कारणे दिवाणी न्यायालयात फिर्यादीच्या पहिल्या पानावरही टिकत नाहीत.

लातूरकर : पश्चात्ताप व्हायचाच असे धरून चालणारा मनुष्य देईलच कशाला? सरकारनेही या देण्याघेण्याला उत्तेजनच दिले आहे. २०१५ मध्ये मुद्रांकाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून राहते घर आणि शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे अथवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक दोनशे रुपयांचा. अधिभार आणि वरखर्च वेगळा धरा. परंतु पूर्वी बापाने लेकाला घास द्यायचा म्हटले तरी सरकारची टक्केवारी आधी मोजावी लागे, तो काळ संपला.

नांदेडकर : तुम्ही जे उत्तेजन म्हणता तेच मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले. खर्च भरपूर होता तेव्हा लोक चार वकिलांना विचारून यायचे. आता बाजारच्या दिवशी सोयाबीन आडतीवर टाकून, वेळ उरला म्हणून बक्षीसपत्र उरकून जातात. एका तालुक्याच्या गावी, गावाचे नाव सांगत नाही, एक वृद्ध कास्तकार माझ्यासमोर उभा राहिला. औताचे रुमणे धरून धरून त्याच्या अंगठ्याच्या रेषा अशा झिजल्या होत्या की यंत्रावर ठसा उमटेना. मुलाने तो अंगठा आधी रुमालाने पुसला, मग स्वतःच्या केसांतल्या तेलावर फिरवला, आणि मग आपल्या हाताने यंत्रावर दाबून धरला. ठसा आला. ‘बाबा, स्वखुशीने लिहून देता ना?’ असे मी रीतीप्रमाणे विचारले. म्हातारा मुलाकडे पाहत राहिला. मुलगा म्हणाला, ‘हो म्हणा.’ म्हातारा ‘हो’ म्हणाला. फोटो निघाला, ओळख देणाऱ्यांच्या सह्या झाल्या, आणि दस्तात कायद्याने काडीची खोट नसल्यामुळे मी त्यावर शिक्का मारला.

लातूरकर : आणि तो मुलगा पुढे वाईट निघाला?

नांदेडकर : ते मला ठाऊक नाही.

लातूरकर : मग तर तुमचे सगळे प्रमाण येथेच ढासळले! वृद्ध पित्याचा अंगठा मुलाने पुसला यात तुम्हांला लबाडी दिसली. मला सेवा दिसते. नोंदणीच्या टेबलावरून माणसाच्या आयुष्यातला एक तास दिसतो. न्यायालयात जे कागद जातात ते बिघडलेल्या घरांचे. आणि जी घरे सुखाने नांदतात त्यांचा कागद लोखंडी पेटीत पडून राहतो, त्याची आठवण निबंधकालाही राहत नाही आणि न्यायाधीशालाही कळत नाही. तुमच्या अनुभवाचा पल्ला मोठा आहे हे मान्य, पण तो बिघडलेल्या बाजूनेच मोठा आहे.

(लातूरकरांचा हा मुद्दा मला फार सबळ वाटला, आणि नांदेडकरांनाही वाटला असावा, कारण ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि नंतर बोलले ते अनुभवाचा आधार सोडून, व्याह्यांच्याच घरचा दाखला काढून.)

नांदेडकर : ठीक, माझा अनुभव बाजूला ठेवू. परंतु तुमच्या लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या नोव्हेंबरात ठराव केला तो कशासाठी? जे कर्मचारी आईबापांना सांभाळीत नाहीत त्यांच्या पगारातून तीस टक्के रक्कम कापून ती थेट आईबापांच्या खात्यात भरावी, असा तो ठराव. आणि पुढे सात कर्मचाऱ्यांच्या पगाराला खरोखरच कात्री लागली. तक्रारी ज्यांच्याविरुद्ध आल्या त्यांत शिक्षकही होते.

लातूरकर : त्या बातमीने आम्हां निवृत्त शिक्षकांच्या माना खाली गेल्या. ज्याने वर्गात श्रावणबाळाचा धडा शिकवला त्याच्याच पगारपत्रकावर आईच्या भाकरीची कपात! पण त्यावरून तुम्ही काय सिद्ध करता? ते नोकरदार होते, घरापासून लांब राहत असतील. माझा मुलगा माझ्याच ओसरीवर निजतो.

नांदेडकर : मी सिद्ध करतो ते वेगळेच. तेथे कात्री लावता आली, कारण पगार सरकारी तिजोरीतून निघतो आणि हातात पडण्यापूर्वी मध्येच अडवता येतो. शेतकऱ्याच्या मुलाचे काय कापणार? आडतीवरच्या सोयाबीनच्या पट्टीतून तीस टक्के बापाच्या नावे वळवणारी कचेरी अजून निघालेली नाही. शेतकरी बापाच्या हाती एकच कपात असते, ती म्हणजे सातबाऱ्यावरचे त्याचे नाव; आणि तेवढेच तुम्ही दोनशे रुपयांत सोडून द्यायला निघालात.

लातूरकर : म्हणजे मरेपर्यंत जमीन अडवून धरायची, ती भाकर मिळावी म्हणून! हा तर सौदा झाला. माझ्या आजोबांनी असे केले नाही, वडिलांनी केले नाही.

नांदेडकर : त्यांनी बक्षीसपत्रही केले नाही, गुरुजी. ते नाव राखूनच गेले. आणि सौद्याची एवढी किळस असेल तर कायद्याने तुमच्यासाठी वाट काढलेली आहे, तिच्याकडे एकदा पाहा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा, कलम २३ : ज्येष्ठ नागरिकाने आपली मिळकत बक्षीस देताना, घेणाऱ्याने आपल्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी अट घातली असेल आणि घेणारा ते करीत नसेल, तर ते बक्षीस फसवणुकीने अथवा दडपणाने झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. न्यायाधिकरण म्हणजे आपले उपविभागीय अधिकारी. दिवाणी दाव्यासारखी पिढ्या न् पिढ्यांची वाट तेथे पाहावी लागत नाही. परंतु अट असली पाहिजे. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका हक्कसोडपत्राच्या वादात स्पष्ट सांगितले की मिळकत दिली होती आणि सांभाळ झाला नाही, एवढ्याने कलम २३ लागू होत नाही. सांभाळाच्या अटीवर दिली होती हे दिसले पाहिजे. पुढे २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून मिळकतीचा ताबा तिला परत द्यायला लावला, आणि वृद्धांसाठी केलेल्या कायद्याचा अर्थ उदार बुद्धीने लावावा असे म्हटले; पण तेथेही बक्षीसपत्राबरोबर मुलाने ‘मी आईचा सांभाळ करीन’ असे वचन लिहून दिलेले होते. लिहिलेले होते म्हणून ते वाचता आले.

लातूरकर : तुम्ही कायदा सांगता, मी लाज सांगतो. पोटच्या मुलासमोर बसून, दस्तलेखकाच्या देखत मी असे लिहवून घ्यायचे की ‘लिहून घेणार याने लिहून देणार यास दोन वेळचे अन्न, वस्त्र व औषधपाणी द्यावे’? ते वाक्य कागदावर उतरले त्याच क्षणी मी बाप राहिलो नाही, पोटगीदार झालो, आणि त्याने मला आजवर जे केले ते सगळे त्या कलमाच्या वसुलीत जमा झाले. बरे, तुमचाच कायदा म्हणतो की बक्षीस विनामोबदला हवे. अटीने दिले तर ते विनामोबदला कसे?

नांदेडकर : अट आणि मोबदला या कायद्याने दोन निराळ्या गोष्टी मानल्या आहेत, नाहीतर कलम २३ लिहिताच आले नसते. पण तुमची हरकत कायद्याची नाही हे मला दिसते.

येथे संवादकांची रजा घेऊन मला दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपल्याकडे बाप मुलाला जमीन देतो तेव्हा विनामोबदला देतो हे कागदावरचे सत्य आहे. व्यवहारातले सत्य असे की या देण्याच्या मागे म्हातारपणीच्या भाकरीची, दवाखान्याच्या फेऱ्यांची, आणि घरात विचारले जाण्याची अपेक्षा उभी असते, ती दोघांनाही ठाऊक असते, आणि दोघेही तिचा उच्चार करीत नाहीत. उच्चार न करण्यात एक कुलीनपणा आहे हे लातूरकरांचे म्हणणे मला अंतःकरणापासून पटते. परंतु त्या कुलीनपणाची किंमत नेहमी देणाराच मोजतो, घेणारा कधीही मोजत नाही. आणि जी लाज एकाच पक्षाला महाग पडते ती खरोखर उभयतांची लाज आहे का, याचा मला संशय येतो. लातूरकर स्वतः इतके सज्जन आहेत की हा संशय त्यांच्यापुढे बोलून दाखवण्याचे धैर्य मला झाले नाही.

लातूरकर : जुन्या काळी हे प्रश्न नव्हते.

नांदेडकर : होते, फक्त उर्दूत होते. तुमच्या आजोबांच्या कागदावर जिल्हा कोणता आहे?

लातूरकर : बिदर. वडिलांच्या कागदावर उस्मानाबाद, माझ्यावर लातूर. रान तसूभर हलले नाही. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ मध्ये बिदरमधून उस्मानाबादेत आले आणि १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात. आजोबांचा कागद वाचायला उदगिरातल्या एका मौलवीसाहेबांकडे जावे लागले होते.

नांदेडकर : त्याच मौलवीसाहेबांना हिब्याविषयी विचारायचे होते. मुसलमानी कायद्यातील बक्षीस, म्हणजे हिबा, याला १८८२ चा कायदा आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. तोंडी हिबासुद्धा चालतो, नोंदणीची सक्ती नाही. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे, आणि तिसरी गोष्ट, ताबा द्यावा. हा ताबा हिब्याचा प्राण आहे. ताबा दिला नाही तर हिबा झालाच नाही. आपल्याकडे उलट : कागद नोंदला की झाले, ताबा देणाऱ्याकडेच राहिला तरी चालते; २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितले. मला नोकरीत असताना नेहमी वाटे की हिब्याची रीत देणाऱ्याला अधिक दयाळू आहे. ज्याला कब्जा सोडावा लागतो त्याला आपण काय सोडतो आहोत ते त्याच दिवशी कळते. आपला म्हातारा कागदावर अंगठा देतो, संध्याकाळी त्याच ओसरीवर, त्याच बाजेवर येऊन बसतो, आणि ओसरी आता आपली नाही हे त्याला चार वर्षांनी कोणीतरी सांगते.

लातूरकर : पण त्याच २०१४ च्या निवाड्याचा मला उपयोग आहे की! हयात असेपर्यंत उपभोग माझा, मालकी मुलाची, असे लिहिता येईल. त्यात अपमान नाही. उत्पन्न मी घेतो, नाव त्याचे, बँकेचा प्रश्न सुटला.

नांदेडकर : अर्धा सुटला. आता अकरा एकरांचा हिशेब सांगा. १९५४-५५ च्या खासरा पत्रकात कोणाचे नाव आहे?

लातूरकर : सात एकरांना आजोबांच्या पश्चात वडिलांचे. चार एकर मी नोकरीत असताना भविष्यनिर्वाह निधीतून घेतले.

नांदेडकर : मग सात एकरांची गोष्ट विसरा. आजोबा निजामशाहीतच गेले, रान वाटणीने वडिलांकडून तुमच्याकडे आले. ते वडिलोपार्जित आहे आणि एकत्र कुटुंबाचे आहे. अशा मिळकतीतला अविभक्त हिस्सा इतर सहदायकांच्या संमतीवाचून बक्षीस देता येत नाही, हे १९८७ मध्ये ठरून गेले आहे. मृत्युपत्राने देता येतो, बक्षिसाने नाही. आणि सहदायक कोण, तर मुलाबरोबर तुमच्या दोन्ही मुली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना तो हक्क दिला, केंद्राने २००५ मध्ये सगळ्याच मुलींना दिला, आणि बाप २००५ पूर्वी वारला की नंतर याला महत्त्व नाही हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढले.

लातूरकर : मुली काही मागत नाहीत. पुण्याची तर म्हणाली, दादाला द्या.

नांदेडकर : म्हणाली असेल, पण तिची सही घेतली का? तिला घ्यायचे नसेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून सोडावे, आणि सोडताना काय सोडते आहे ते तिला माहीत असावे. गंमत पाहा, १९६३ च्या एका निवाड्याप्रमाणे बापाला वडिलोपार्जितातला लहानसा भाग मुलीला मात्र बक्षीस देता येत असे, तो धर्माचाच भाग मानला होता. आपल्या शास्त्राने बापाला जे औदार्य शिकवले ते मुलीच्या बाबतीत. आणि आपण ते सगळे मुलाकडे वळवले.

लातूरकर : म्हणजे उरले चार एकर.

नांदेडकर : हो, उरले चार एकर. आणि आता जे बोलतो ते सासऱ्याच्या तोंडी शोभत नाही, तरी बोलतो. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तुम्ही पाहिली आहे. किल्लारी, सास्तूर, घरेच्या घरे गेली.

लातूरकर : त्याच पहाटेने मला शिकवले की उद्यावर काही ठेवू नये.

नांदेडकर : मला तिने दुसरेच शिकवले. मरण वयाचा क्रम पाळत नाही. परमेश्वर करो आणि तसे न होवो, पण समजा रान जावयाच्या नावे झाले आणि तो तुमच्याआधी गेला. हिंदू वारसा कायद्यात पुरुषाचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे बायको, मुले आणि आई. बाप त्या वर्गात नाही; तो दुसऱ्या वर्गात, आणि पहिल्या वर्गातला एकही वारस असेतो दुसऱ्याला काही मिळत नाही. म्हणजे तुम्ही कष्टाने घेतलेल्या चार एकरांची मालक माझी लेक होईल, नातवंडे होतील, काही हिस्सा विहीणबाईंना येईल. आणि तुम्ही, ज्यांनी दिले, त्यांच्या वाट्याला बांधाचा दगडही येणार नाही. माझी लेक वाईट नाही. पण तिच्या बापानेच हे तुम्हांला सांगायचे नाही तर कोणी सांगायचे?

यानंतरचा काही वेळ दोघेही दुसऱ्याच विषयांवर बोलत होते. उदगीरच्या बाजारातले तुरीचे भाव, नांदेडच्या गोदावरीचे पाणी, असे. तो भाग मी गाळला आहे. पुन्हा विषय निघाला तो लातूरकरांनीच काढला, आणि सरळ नाही, बायकोच्या निमित्ताने काढला.

लातूरकर : विहीणबाईंना काही हिस्सा येईल असे तुम्ही म्हणालात. मी बक्षीसपत्र न करता गेलो तर?

नांदेडकर : तर त्या पहिल्या वर्गाच्या वारस, मुलामुलींच्या बरोबरीने. बक्षीसपत्र करून गेलात तर या चार एकरांपुरते शून्य. माझ्यासमोर जी बक्षीसपत्रे आली त्यांत देणाऱ्याची बायको बहुधा आवारातल्या लिंबाखाली बसलेली असे, पिशवीत डबा घेऊन. आत तिची गरज नसे. नवऱ्याने एका शिक्क्यात तिचाही म्हातारपणाचा आधार देऊन टाकला हे तिला कोणी सांगत नसे, आणि नवऱ्यालाही ते सुचत नसे. तुम्ही आजवर मुलाविषयी बोललात, बँकेविषयी बोललात, स्वतःच्या लाजेविषयी बोललात.

लातूरकर : तिचे नाव मी एकदाही घेतले नाही, असेच ना?

नांदेडकर : तसे मी म्हटले नाही. आणि एक किरकोळ गोष्ट. पीएम किसानच्या नियमांत १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख रोवून ठेवली, तिच्यानंतर जमीन नावावर आलेल्याला लाभ नाही, अपवाद मालकाच्या मृत्यूने वारसाकडे आलेल्या जमिनीचा. बक्षीस त्या अपवादात बसत नाही. रक्कम वर्षाला सहा हजारांची; पण बक्षिसाच्या जमिनीवर मुलाला तीही मिळायची नाही.

लातूरकर : मग माझी तजवीज ऐका. सात एकरांचे रीतसर वाटणीपत्र. दोन्ही मुलींना बोलावतो, काय ते समोरासमोर होऊ दे. चारांतले दोन एकर हिच्या नावे बक्षीस. बायकोलाही मुद्रांक दोनशेच ना? उरलेले दोन मुलाला, हयातीपर्यंत उपभोग आम्हां दोघांचा असे लिहून. त्याला बँकेत उभे राहायला दोन एकर आणि वाटणीचा हिस्सा पुरे.

नांदेडकर : आणि सांभाळाचे कलम?

लातूरकर : ते मी सांगणार नाही.

नांदेडकर : गुरुजी —

लातूरकर : मी सांगणार नाही म्हटले, घालू नका असे म्हटले नाही. छतरपूरच्या मुलाने वचन स्वतः लिहून दिले होते ना? तुम्ही जावयाला एकदा नांदेडला बोलावून घ्या. बाप म्हणून मी ते मागणे वेगळे, आणि सासरा म्हणून तुम्ही त्याला कायदा समजावून सांगणे वेगळे. त्याने आपणहून लिहून आणले तर मी वाचणारही नाही, दस्ताला जोडून देईन.

नांदेडकर : म्हणजे वाईटपणा माझ्याकडे.

लातूरकर : मुलीच्या बापाने तेवढा घ्यावा. आणि साक्षीदारांत एक सही तुमची.

नांदेडकर : माझी नाही. कायद्याची हरकत नाही, पण लाभ माझ्या लेकीच्या घरात जातो. उद्या कोणी कागद नाकारला तर ‘सासऱ्याने करवून घेतले’ हे पहिले वाक्य असेल. शिवाय माझे वय काय, तुमचे काय? अंमलबजावणीच नाकारली गेली तर साक्षीदारांपैकी निदान एकाला न्यायालयात उभे राहून ‘माझ्यादेखत सही झाली’ असे सांगावे लागते, आणि ती वेळ यायची असेल तर वीस वर्षांनी येते. साक्षीदार तिशीतले घ्या, गावात राहणारे घ्या. पुण्याला जाऊन बसणारे नकोत.

लातूरकर : तिशीतला, आणि गावात राहणारा? व्याहीबुवा, आमच्या गावात असे दोघे हुडकणे हे बक्षीसपत्रापेक्षा अवघड काम सांगितलेत. एक डेअरीवरचा पोरगा आहे. दुसऱ्यासाठी हाळीला जावे लागेल.

नांदेडकर : हाळीचा चालेल. आधार कार्ड घेऊन यायला सांगा, आणि बाजारचा दिवस सोडून या.